कोड आला म्हणून सेन्सर बदलू नका: जुन्या ऑक्टाव्हिया आरएसची तपासणी कोणत्या क्रमानं करायची

२००४ च्या सुमाराची ऑक्टाव्हिया आरएस गॅरेजात येते, तेव्हा मालक बोनेटच्या आधी डिकी उघडतो. डिकीत एक पिशवी असते. जुना एअर मास सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा), त्याच्या जागी आणलेला नवा, काढून ठेवलेला लॅम्बडा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा), दोन कॉइल. "सगळं बदलून झालं, तरी झटके मारतेच." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार.

स्कॅनरवर एअर मास सेन्सरचं नाव दिसलं म्हणजे तो सेन्सर गेला असं नाही. त्या सर्किटमधून आलेला आकडा ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, पटला नाही, एवढाच त्याचा अर्थ. न पटायला सेन्सर, त्याची वायर, आर्थिंग, फाटका होज पाइप, दमलेला पेट्रोल पंप, काहीही कारणीभूत असू शकतं. म्हणून सेन्सरची पाळी शेवटी येते. खालचे आकडे १५० अश्वशक्तीच्या १.८ टर्बो, २० व्हॉल्व्ह इंजिनाचे आहेत. क्रम मात्र त्या काळातल्या बहुतेक पेट्रोल इंजेक्शन गाड्यांना चालतो.

## तयारी

पहिली बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीवर १२.४ व्होल्टपेक्षा कमी दिसत असेल तर आधी चार्ज करा, मग बाकीचं. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली जाऊ नये आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ असावं. अशक्त बॅटरीवर ही गाडी असे काही कोड दाखवते की ज्यांचा खऱ्या बिघाडाशी काही संबंध नसतो.

स्कॅनरबाबत कंजुषी नको. स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र कोड वाचतं, पण पुढे लागणारे मेझरिंग ब्लॉक, म्हणजे ईसीयूमधल्या चालू आकड्यांचे क्रमांक दिलेले गट, दाखवत नाही. व्हीसीडीएस (फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांसाठीचं स्कॅनर सॉफ्टवेअर) किंवा ते ब्लॉक वाचू शकेल असं दुसरं काही मिळवा. शिवाय मल्टिमीटर, पेट्रोलसाठीचं प्रेशर गेज, साबणाचं पाणी, चांगला टॉर्च, नवे क्लॅम्प आणि एक वही. वही हवीच. मोबाइलमध्ये काढलेले स्क्रीनचे फोटो ऐन वेळी सापडत नाहीत.

आपली गाडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळवलेली म्हणून पार्टही शेंद्र्यात मिळेल, या भ्रमात राहू नका. पार्ट बहुधा पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो, आणि चुकीचा आला तर तो आठवडा गेला. तपासणी आधी पूर्ण करण्याचं हे आणखी एक कारण.

इशारा: पेट्रोल लाइनचं काम एप्रिल-मे महिन्यात दुपारी करू नका. सकाळी लवकर, सावलीत, मोकळ्या हवेत करा. जवळ अग्निशामक ठेवा. हॅलोजनचा हँडलॅम्प नको, कारण गरम काचेवर पेट्रोलचे थेंब उडाले की पेट घ्यायला वेळ लागत नाही.

इशारा: बॅटरीची वायर काढण्याआधी रेडिओचा कोड जवळ आहे का ते बघा. नसेल तर रेडिओ मुका होऊन बसतो.

## पायरी १: कोड लिहा, पुसू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. मेकॅनिक यंत्र लावतो, कोड पुसतो आणि "आता चालवून बघा" म्हणतो. कोडसोबत ईसीयूनं शिकून ठेवलेले ट्रिमचे, म्हणजे पेट्रोल किती वाढवायचं किंवा घटवायचं याचे, आकडेही पुसले जातात. पुढचा सगळा शोध त्याच आकड्यांवर चालणार असतो.

आधी सगळे कोड वहीत उतरवा. कोणता कायमचा आहे आणि कोणता मधूनमधून येतो, तेही लिहा. वारंवार दिसणारे असे:

- १६४८६ (पी-०१०२): एअर मास सेन्सरचा सिग्नल कमी.
- १७५४४ (पी-११३६): आयडलिंगच्या ट्रिमनुसार मिश्रणात पेट्रोल कमी.
- १७५३६ (पी-११२८): चालताना मिश्रणात पेट्रोल कमी.
- १७७०५ (पी-१२९७): टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामध्ये प्रेशर पडतंय.
- १६७०६ (पी-०३२२): क्रँक सेन्सरचा (इंजिनाचे फेरे मोजणारा) सिग्नल नाही.
- १६६८४ (पी-०३००): मिसिंग, सिलिंडर नक्की नाही.

दोन-तीन कोड एकदम असतील तर प्रत्येकाचा वेगळा पार्ट शोधू नका. सगळ्यांच्या मुळाशी एकच कारण आहे का, ते बघा. १७५४४ आणि १६६८४ जोडीनं आले तर निम्म्याहून जास्त वेळा कुठेतरी हवा ओढली जात असते.

## पायरी २: सकाळी, इंजिन थंड असताना

गाडी रात्रभर सावलीत उभी पाहिजे. सेल्फ न मारता फक्त इग्निशन ऑन करा आणि तीन आकडे बघा.

कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. दोन्ही जवळजवळ सारखी हवीत, दोन-तीन अंशांचा फरक चालतो. हवा २६ आणि कूलंट उणे काहीतरी किंवा एकदम ७० दिसत असेल तर कूलंट सेन्सर किंवा त्याचा कपलर संशयित. ही तपासणी दुपारी करून उपयोग नाही. परभणी-नांदेडच्या उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटखाली हवेचा सेन्सर ६० दाखवतो आणि ते खरंच असतं.

बूस्ट सेन्सरचा (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब मोजणारा) आकडा, ब्लॉक ११५. इंजिन बंद असताना हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे ९४० ते ९५० मिलीबार दिसायला हवेत. पुस्तकात १०१३ लिहिलंय म्हणून चांगला सेन्सर काढून टाकणारे लोक आहेत. नांदेडला गेलात तर तीच गाडी ९७० च्या आसपास दाखवेल.

बॅटरीचं व्होल्टेज. ईसीयूला दिसणारं व्होल्टेज आणि मल्टिमीटरनं थेट बॅटरीवर मोजलेलं यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आर्थिंग किंवा मेन वायर खराब आहे. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून गिअरबॉक्सला जाणाऱ्या पट्ट्या काढा, सँडपेपरनं घासा, कसून बसवा.

हे करताना वायरिंगवरून नजर आणि हात फिरवा. शेतातल्या शेडमध्ये किंवा गोदामाशेजारी लागणाऱ्या गाडीत उंदीर हमखास येतात. इंजिनाच्या मागच्या बाजूची, वरून न दिसणारी वायर त्यांची आवडती. कुरतडलेली वायर वरवर चिकटपट्टी गुंडाळून ठेवू नका. कापा, सोल्डर करा आणि हीट श्रिंक चढवा.

## पायरी ३: ट्रिम वाचा

सगळ्या तपासणीचं वळण इथं ठरतं, म्हणून इथं घाई नको.

इंजिन पूर्ण गरम करा, कूलंट ८० च्या वर जाऊ द्या, एसी बंद करा आणि ब्लॉक ०३२ उघडा. पहिल्या रकान्यात आयडलिंगचा ट्रिम असतो, दुसऱ्यात चालतानाचा. आकडा अधिक म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा जास्त पेट्रोल टाकतोय, उणे म्हणजे कमी. पाचच्या आत असेल तर निवांत राहा. दहाच्या पुढे, मग तो अधिक असो की उणे, शोध घ्यायचा.

पहिला मोठा अधिक, दुसरा ठीक: थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाकडच्या बाजूला, कुठेतरी हवा ओढली जातेय. आयडलिंगला एकूण हवाच थोडी असते, म्हणून छोटी गळती मोठी दिसते. वेग वाढला की ती हिशोबात बुडते. पायरी ४ वर जा.

पहिला ठीक, दुसरा मोठा अधिक: एक तर पेट्रोल कमी पडतंय, किंवा एअर मास सेन्सर खरी हवा कमी मोजतोय. पायरी ५, मग ६.

दोन्ही मोठे अधिक: एअर मास सेन्सर आणि टर्बो यांच्यामधला रबरी पाइप आधी बघा. तिथे इंजिन कायम ओढतच असतं, म्हणून आयडलिंगलाही फरक पडतो आणि वेगातही.

उणे: इंजेक्टर गळतोय, रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, किंवा टाकीची वाफ ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. ऑइलची काठी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑइलमधलं पेट्रोल ब्रीदरमधून (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणारी वाट) परत इंजिनात येतं आणि ट्रिम खोटा दाखवतं.

इथंच इथेनॉलचं बोलून घेऊ. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. शुद्ध पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्क्यांच्या मिश्रणाला १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन टाकावं लागतं. त्यामुळे दुसऱ्या रकान्यात अधिक सहा-सात दिसलं तर गाडी बिघडलेली नाही, तिच्या पोटात गेलेलं इंधन बदललंय. गोम अशी की ईसीयूकडे असलेली जागा या कामी बरीच खर्च झाली. पूर्वी खपून जाणारी बारीक गळती आता थेट चेक लाइट लावते.

टाकीत नक्की काय आहे याची शंका असेल तर मोजपट्टी असलेल्या काचेच्या नळीत २० मिली पाणी आणि ८० मिली पेट्रोल घ्या. बूच लावून हलवा, बूच जपून सैल करून वाफ सोडा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर ३५ मिलीच्या आसपास गेला तर २० टक्के. त्याहून बराच वर गेला तर तो पंप सोडा.

तपासा: ट्रिम शून्यावर चिकटून असेल तर खूश होऊ नका. कोड नुकताच पुसलाय का ते विचारा. शिकायला गाडी काही दिवस नीट चालावी लागते.

## पायरी ४: हवेची गळती

टर्बो गाडीत हवेच्या वाटेचे तीन भाग धरा. सेन्सर ते टर्बो: इथे नेहमी ओढ असते. टर्बो ते थ्रॉटल: इथे गळती असेल तर आयडलिंग छान राहतं, पण दाबल्यावर मोजलेली हवा बाहेर पळते, काळा धूर येतो, शिट्टी ऐकू येते आणि १७७०५ पडतो. थ्रॉटल ते हेड: आयडलिंगला हवा आत जाते, बूस्टमध्ये बाहेर येते. गाडीचं लक्षण कोणत्या भागाशी जुळतंय ते ठरवलं की निम्मं काम वाचतं.

या इंजिनात ठरलेल्या जागा आहेत. इनटेक मॅनिफोल्डच्या खालचे ब्रीदरचे पाइप तेल आणि उष्णता खाऊन मऊ होतात. वरून चांगले दिसतात, चिमटीत दाबलं की बोट आत जातं. पाइपच्या तळाकडची बाजू हातानं चाचपा, कारण चीर तिथे असते. ऑइलच्या काठीच्या नळीवरची प्लास्टिकची नरसाळी ठिसूळ होऊन तिचे तुकडे पडतात. तिथून न मोजलेली हवा ब्रीदरवाटे इंजिनात जाते आणि मालक मात्र सेन्सर बदलत बसतो. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (थ्रॉटल सोडल्यावर टर्बोचा जादा दाब वळवणारा) पडदा, एन-७५ व्हॉल्व्हचे (टर्बोचा दाब आवरणारा) बारीक पाइप आणि ब्रेक बूस्टरकडे जाणारा एकदिशा व्हॉल्व्हही बघून घ्या.

नजरेला सापडलं नाही तर धूर सोडणारं यंत्र असलेल्या गॅरेजात जा. ते नसेल तर टर्बोच्या तोंडाकडच्या पाइपला पीव्हीसीचं बूच आणि त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून हळूहळू हवा भरा, अर्ध्या बारपर्यंत. त्याआधी ब्रीदरचा पाइप काढून ती वाट बंद करा, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सील बाहेर येतील. मग जोडांवर साबणाचं पाणी. काटा हळूहळू उतरणार, कारण एखादा इंजिन व्हॉल्व्ह उघडा असतोच. झर्रकन उतरला तर गळती मोठी.

इशारा: गळती शोधायला चालू इंजिनावर पटकन पेट घेणारं कार्ब क्लीनर मारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. इथे शेजारीच लालभडक टर्बो असतो. करू नका.

फाटलेला पाइप मिळाला की बदला, क्लॅम्प नवे लावा आणि पायरी ३ परत करा. आकडा खाली आला तर पुढच्या पायऱ्या कदाचित लागणारच नाहीत.

## पायरी ५: पेट्रोल पंप ते इंजेक्टर

चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद गुणगुण ऐकू आली पाहिजे. नाही आली तर पंप मागवायची घाई नको. आधी फ्यूज, मग रिले, ज्याच्यावर ४०९ हा आकडा असतो. या रिलेचे आतले सोल्डर जुने झाले की सुटतात. गाडी सकाळी चालू होते, दुपारी उन्हात उभी राहिली की होत नाही, संध्याकाळी पुन्हा होते. अशा गाड्यांचे चांगले पंप बदललेले आहेत.

रिले ठीक असेल तर सीट उचलून, झाकण काढून पंपाच्या कपलरवर व्होल्टेज मोजा. पंप चालू असताना मोजायचं, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी असेल तर वायर, कपलर किंवा आर्थिंगचा दोष.

मग प्रेशर. रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, लाइनमधला दाब उतरेल. जोड सोडताना खाली कापड धरा. गेज लावून इंजिन चालू करा:

1. आयडलिंगला, रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप लावलेला: सुमारे २.५ बार.
2. तो पाइप काढून त्याचं तोंड बंद केल्यावर: सुमारे ३ बार.
3. काढलेल्या पाइपात पेट्रोलचा ओलावा किंवा वास: पडदा फाटला, रेग्युलेटर बदला.
4. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी: किमान २ बार राहायला हवेत.

चौथ्यात नापास होणारी गाडी गरम असताना बराच वेळ सेल्फ मारायला लावते. दोषी कोण ते असं काढा: प्रेशर चढवून इंजिन बंद करा आणि परतीच्या पाइपला होज क्लॅम्प लावा. आता दाब टिकला तर रेग्युलेटर. नाही टिकला तर पुन्हा चढवून येणारा पाइप दाबा. आता टिकला तर पंपातला एकदिशा व्हॉल्व्ह. दोन्ही दाबूनही उतरला तर इंजेक्टर गळतोय. फक्त रबरी भाग दाबा. कडक नायलॉनचा पाइप दाबला तर तडकतो.

प्रेशर कमी आणि व्होल्टेज ठीक, असं असेल तर आधी फिल्टर बदला. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिली असेल तर पेट्रोल काढून बाटलीत बघा. इथेनॉल पाणी धरतं, आणि ते जास्त झालं की दोघंही खाली वेगळे बसतात. पंप नेमका तळातूनच ओढतो.

इंजेक्टरबद्दल थोडक्यात: चारही प्लग काढून ओळीनं ठेवा. एकच काळा असेल तर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉइल. चारही सारखेच काळे असतील तर इंजेक्टर सोडा, कारण सामाईक आहे. इंजेक्टर काढलेच तर ओ-रिंग नव्याच घाला.

## पायरी ६: आता सेन्सर

एअर मास सेन्सर. गरम आयडलिंगला ब्लॉक ००२ मध्ये सेकंदाला २ ते ४ ग्रॅम. खरी परीक्षा मात्र पूर्ण दाबल्यावर. मोकळा रस्ता बघून दुसऱ्या गिअरमध्ये एकदाच, शेजारी स्कॅनर बघायला दुसरा माणूस घेऊन. अश्वशक्तीला ०.८ नं गुणलं की अंदाज मिळतो, म्हणजे इथे १२० ग्रॅमच्या आसपास. शंभरच्याही खाली अडकत असेल आणि हवेची गळती नसेल तर सेन्सरवर संशय घ्या.

कपलर काढून गाडी सुधारली म्हणून सेन्सर दोषी ठरत नाही. कपलर काढल्यावर ईसीयू थ्रॉटलच्या कोनावरून अंदाजे हवा धरतो, आणि त्या अंदाजात गळतीचाही खोटेपणा झाकला जातो. धुवायचा तर याच सेन्सरसाठीचा स्प्रे वापरा, कार्ब क्लीनर किंवा कॉम्प्रेसरची हवा नको. तेल लावलेला कोन फिल्टर बसवला असेल तर आधी तो काढा. नवा सेन्सरही तो असाच खाईल.

कूलंट सेन्सर. कपलर काढून ओहम मोजा. ३० अंशाला १५०० ते २०००, ८० अंशाला २७५ ते ३७५. इंजिन थंड असतानाच काढा. ओ-रिंग आणि क्लिप हातातून निसटून गिअरबॉक्सवर पडते, म्हणून खाली कापड पसरा.

क्रँक सेन्सर. गरम झाल्यावर चालती गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासानं चालू होते, हे त्याचं लक्षण. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच दिसत असेल तर पकडला. रोध साधारण ५०० ते १००० ओहम असतो, पण थंड असताना बरोबर येतो. म्हणून बंद पडल्या पडल्या मोजा. कपलरमध्ये ऑइल उतरलंय का तेही बघा.

लॅम्बडा. हा बहुतेक वेळा निरोप्या असतो. त्याच्या आधी एक्झॉस्टच्या जोडातून फुसफुस असेल तर बाहेरची हवा त्याच्यापर्यंत जाते आणि तो पेट्रोल कमी असल्याचं सांगतो. थंड इंजिन चालू करून जोडांजवळ काजळी दिसते का बघा. वरचं सगळं स्वच्छ निघाल्याशिवाय लॅम्बडा मागवू नका.

## पायरी ७: जुळवणी आणि फेरी

थ्रॉटल काळवंडलं असेल तर ते काढून कापडानं पुसा. पाती बोटानं जोरात ढकलू नका, आतले दातेरी चाक तुटते. बसवल्यावर इग्निशन ऑन, इंजिन बंद, बेसिक सेटिंगमध्ये गट ०६०. पाती किरकिरत हलेल आणि "एडीपी ओके" (जुळवणी झाली) येईल. हे न करता दिलेली गाडी आयडलिंगला वर-खाली करते आणि दोष पुन्हा सेन्सरवर जातो.

आता कोड पुसा, आत्ता, आधी नाही. मग आयडलिंग, शहरातली रहदारी आणि जालना रोडसारखा एकसारखा वेग, असं मिश्र चालवा. दोन-तीन दिवसांनी गरम इंजिनावर ब्लॉक ०३२ पुन्हा वाचा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा.

काढलेला सेन्सर लगेच भंगारात टाकू नका. त्याच्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. नवा सेन्सर घालूनही आकडा जिथल्या तिथे राहिला तर जुना परत बसवा आणि पायरी ४ पासून पुन्हा सुरू करा.